आंबेनळी घाटातले सत्तावीस थर आणि एक आकडा

जून २०२४ मध्ये मला एका दगडाचं वय मिळालं. प्रबंधाचा विषय नक्की झाला होता ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे मधे बावीस महिने गेले. तेव्हा मी नेटवर मराठीत खूप शोधलं होतं, की हे काम करताना नेमकं काय काय करावं लागतं, कुठे किती दिवस जातात, पैसे किती लागतात, पण पेपर सापडायचे, अनुभव सापडायचा नाही. आता दोन-तीन ज्युनिअर्सनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

आधी काम काय ते सांगते. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली सावित्रीची दरी बघितली असेल तर समोरच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात, एकावर एक, पायऱ्यांसारखे. या लाव्हाच्या खडकाला दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच मुळात पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. त्यातली एक एक पायरी म्हणजे बहुतेक वेळा एक लाव्हाचा लोंढा. पोलादपूरकडून घाट चढत महाबळेश्वरला आलं की साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही चवड तळापासून वरपर्यंत ओलांडली जाते, आणि अगदी माथ्यावर जांभा लागतो. माझं काम होतं त्यातल्या साधारण पाचशे मीटर उंचीच्या तुकड्यातले थर मोजायचे, कुठला थर कुठल्या फॉर्मेशनचा, म्हणजे एकच नाव दिलेल्या थरांच्या कुठल्या गटाचा, ते ठरवायचं आणि जमलं तर त्यातल्या एक-दोघांचं वय काढायचं.

नावांचा गोंधळ पहिल्याच महिन्यात झाला. एकाच डोंगराला दोन पद्धतींनी नावं दिलेली आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून, म्हणजे लोंढ्याचा प्रकार, मोठे स्फटिक असलेले थर वगैरे बघून फॉर्मेशन पाडली, त्यात दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर अशी नावं येतात. आणि १९८० च्या दशकात रसायनावरून दुसरी यादी तयार झाली, त्यात खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, मग खंडाळा, बुशे, मग पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, आणि दक्षिणेकडे पन्हाळा, देसूर. महाबळेश्वर दोन्ही याद्यांत आहे पण दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच नाही, मी पहिले तीन आठवडे हे लक्षात न घेता नोट्स काढल्या आणि त्या सगळ्या परत काढाव्या लागल्या. त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की आपण कुठली यादी वापरतोय. मला मात्र ती यादी वाचताना खूप भरून आलं होतं. ज्या घाटातून लहानपणी कोकणात जाताना उलट्या व्हायच्या त्या घाटाचं नाव जगभरच्या जर्नल्समध्ये खडकाचं नाव म्हणून छापलं जातं, हे मला एम.एस्सी.ला येईपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

मग परवानगी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, आणि घाटाच्या आजूबाजूला जंगल आहे, त्यामुळे हातोडा घेऊन कुठेही दगड फोडायला लागता येत नाही. मी १२ सप्टेंबर २०२२ ला अर्ज दिला. विभागप्रमुखांचं पत्र, गाइडचं पत्र, आधार, कॉलेजचं ओळखपत्र, कामाचा नकाशा, किती नमुने, प्रत्येकी किती किलो, यंत्र वापरणार का, रात्री थांबणार का, असं सगळं जोडायचं असतं. माझ्या नकाशावर अक्षांश-रेखांश नव्हते, नुसती रेघ मारली होती, त्यामुळे अर्ज परत आला आणि तीन आठवडे त्यात गेले. चूक माझीच होती. नोव्हेंबरच्या शेवटी परवानगी आली. तिच्या चार झेरॉक्स काढा, एक गाडीत, एक सॅकमध्ये, एक मुक्कामाच्या घरी आणि एक जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. घाटात रस्त्याकडेला कोणी दगड फोडताना दिसलं की लोक थांबून विचारतात, आणि ते बरोबरच आहे, २०२१ च्या जुलैत या घाटात दरडी कोसळून रस्ता वाहून गेला होता, लोकांच्या मनात ती भीती आहे.

५ डिसेंबरला वाडा कुंभरोशीला पोचले, प्रतापगडाच्या पायथ्याशी. एका मावशींकडे दोन वेळचं जेवण आणि राहणं मिळून दिवसाला पाचशे रुपये ठरले. सोबत वर्गातला एक मित्र होता, एकटं जाऊ नका, घाटात एकाने मोजायचं तेव्हा दुसऱ्याने गाड्यांवर नजर ठेवायची असते. चमकणारी जॅकेटं आम्हाला तेव्हा दोनशे रुपयांना मिळाली, ती घ्याच. वळणाच्या आतल्या अंगाला उभं राहून काम करायचं नाही, गाडीवाल्याला आपण शेवटच्या क्षणी दिसतो.

थर ओळखायचा कसा, हे पुस्तकात सोपं वाटतं. तळाशी बारीक नळ्यांसारखी छिद्रं, मधे घट्ट काळा दगड, वरती फुग्यांची जाळी आणि त्यात पांढऱ्या गारगोट्या, आणि दोन लोंढ्यांच्या मधे कधीकधी तांबडा थर. प्रत्यक्षात अर्ध्या ठिकाणी गवत, अर्ध्या ठिकाणी राडारोडा. तरी तांबडा थर सापडला की जीवात जीव येतो. पहिल्या दिवशी दुपारी मला असा एक सापडला, हातभर जाडीचा. खालच्या अंगाला मऊ, बोट लावलं की गेरूसारखा रंग बोटाला लागायचा, आणि वर सरकत गेलं की तोच थर विटेसारखा टणक, नख उमटत नव्हतं. वरून आलेल्या लाव्हाने तो भाजला होता. म्हणजे खालचा लोंढा थंड झाला, त्याच्यावर माती व्हायला पुरेसा काळ गेला आणि मग वरचा आला, हे सगळं त्या हातभर जागेत वाचता येतं. मी तिथे बराच वेळ नुसती उकिडवी बसून होते.

उंची मोजायला जीपीएसवर विसंबू नका. दरीत सॅटेलाइट नीट मिळत नाहीत आणि उंचीचा आकडा वीस-पंचवीस मीटरनी सहज हलतो, तेवढ्यात एक अख्खा थर गायब होतो. आम्ही हवेच्या दाबावर चालणारं अल्टिमीटर वापरलं, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच ओळखीच्या दगडावर येऊन आकडा लिहायचा, कारण दिवसभरात दाब बदलतो आणि मग तेवढी दुरुस्ती करावी लागते. सहाव्या दिवशी माझ्या वहीत एकतीस थर झाले होते आणि मी खूष होते. रात्री उंच्या परत लावून बघितल्या तर चार थर दोनदा मोजलेले. घाटाचा रस्ता नागमोडी, तोच लोंढा एका वळणावर कापलेला आणि पुढच्या वळणावर परत कापलेला, मी दोन्हीकडे नवीन नंबर दिलेला. सकाळी उठून ती चारही ठिकाणं परत बघितली आणि एकतीसचे सत्तावीस केले. म्हणून रस्त्याच्या क्रमाने नंबर देत जाऊ नका, आधी सगळं बघून घ्या, उंचीप्रमाणे रांग लावा, मग नंबर द्या.

एक इशारा. कड्याला आग्यामोहोळ असतं. आठव्या दिवशी एका ओढ्यात घणाचा दुसरा घाव घातला आणि वरून घूं आवाज आला, आम्ही सगळं तिथेच टाकून खाली पळालो. मित्राला चार ठिकाणी चावा बसला, रात्री ताप आला, दुसऱ्या दिवशी पोलादपूरला डॉक्टरकडे नेलं. त्यानंतर कुठेही हातोडा काढायच्या आधी पाच मिनिटं नुसतं वर बघायचं असा नियम केला. गावातल्या कोणालातरी सोबत घ्या, मोहोळं कुठे आहेत ते त्यांना पाठ असतं.

वयासाठीचा दगड निवडणं हे वेगळंच काम आहे. लोंढ्याच्या मधला, घट्ट, एकही छिद्र नसलेला, पांढरा ठिपका नसलेला दगड लागतो, कारण गारगोटी म्हणजे नंतर पाणी फिरलं याची खूण, आणि पाणी फिरलं की दगडातलं घड्याळ बिघडतं. वरची तपकिरी साल घणाने उडवायची आणि आतला निळसर काळा भाग घ्यायचा. चांगला दगड घणाखाली घंटेसारखा वाजतो, कुजका दगड बद्द आवाज करतो, चार दिवसांत कान तयार होतो. ताज्या फुटलेल्या तोंडावर उन्हात फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक काड्या चमकतात. प्रत्येकी दोन-तीन किलो. पिशव्या मी जुन्या चादरींच्या शिवून घेतल्या होत्या, शिंप्याने तीस पिशव्यांचे तीनशे घेतले. लेबल दगडावर मार्करने, पिशवीवर आणि आत चिठ्ठीत, असं तीनदा. फोटोत स्केल म्हणून पेन ठेवा आणि एक फोटो लांबूनही काढा, ज्यात वळण, झाड, मोरी असं काहीतरी ओळखीचं येईल. फेब्रुवारीत दुसरी फेरी केली आणि साठ किलो दगड दोन खेपांत एसटीने पुण्याला आणले, लगेजचं तिकीट काढून. कंडक्टरने पोतं उचलायला हात लावला आणि विचारलं, ताई यात काय सोनं आहे का. मी सांगितलं लाव्हा आहे, तर ते पुढच्या स्टॉपपर्यंत शेजारी बसून ऐकत होते.

मार्च-एप्रिल २०२३ थिन सेक्शनमध्ये गेले. दगडाची चकती घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायची म्हणजे तिच्यातून प्रकाश जातो. एकाचे साडेचारशे रुपये, मी बावीस करून घेतल्या. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर बाहेरून ताज्या वाटलेल्या कितीतरी दगडांमध्ये लाव्हा झटकन थिजून झालेली काच मातकट झालेली, फेल्डस्पार धुरकट. वयासाठी लायक फक्त सहा उरले. हे बघून वाईट वाटतं पण ही चाळणी आधीच लावा, पुढचा प्रत्येक टप्पा महाग आहे.

नाव ठरतं ते रसायनात. आंबेनळीचा दगड आणि पोलादपूरचा दगड शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखेच काळे. फरक असा, की आंबेनळीचा लाव्हा वर येताना वाटेतल्या जुन्या खडकाशी फारसा मिसळलेला नाही, त्याचं स्ट्रॉन्शियमचं (८७ आणि ८६ वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास राहतं, पोलादपूरमध्ये ते ०.७०५ च्या पुढे जातं, आणि त्याखालच्या बुशेमध्ये या जुन्या खडकाची, म्हणजे कवचाची, भेसळ सगळ्यात जास्त. शिवाय टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम-नायोबियमचं प्रमाण असं सगळं मिळून बघायचं. पूड करताना अगेटचं खल वापरा, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन, कोबाल्ट तर मिसळतंच, टॅंटलम-नायोबियमचेही आकडे बिघडू शकतात. जूनमध्ये पूड दिली, सप्टेंबरच्या मध्यावर निकाल आले, एका नमुन्याला मला साधारण अडीच हजार पडले. खालचे थर व्यवस्थित पोलादपूर, वरचे व्यवस्थित आंबेनळी, पण मधले तीन थर धड इकडचे ना तिकडचे. मी दोन आठवडे त्यांना कुठल्यातरी खणात बसवायची धडपड केली. गाइड सर म्हणाले, त्यांना तसंच राहू दे, संक्रमणाचे थर म्हण आणि का म्हणतेस ते लिही, या सीमेवर आधीच्या लोकांनाही असंच सापडलंय. त्या एका वाक्याने सुटले. रेघ कागदावर असते, लाव्हा बदलत बदलत गेलेला असतो.

आता वयाचं. दगडातल्या पोटॅशियममध्ये ४० वजनाचा थोडासा किरणोत्सारी भाग असतो, १२५ कोटी वर्षांत तो निम्मा होतो, आणि जो विघटतो त्यातले शंभरातले साधारण अकरा हिस्से आर्गॉन वायू बनतात. लाव्हा तापलेला असताना जुना आर्गॉन निसटून जातो, थंड झाला की नवीन साठायला लागतो. तो मोजला की वय. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनखाली ठेवतात, पोटॅशियम ३९ चा आर्गॉन ३९ होतो, आणि मग ४० आणि ३९ हे दोन्ही आर्गॉन एकाच यंत्रात एकदम मोजता येतात. अडचण ही, की आंबेनळीच्या दगडात पोटॅशियम फारच कमी. आमच्या बऱ्याच नमुन्यांत ते अर्धा टक्कासुद्धा नव्हतं. म्हणजे मोजायला वायूच कमी.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ मी तयारीत घालवले. दगड कुटायचा, चाळायचा, धुवायचा, चुंबकी यंत्रातून फेल्डस्पार वेगळा काढायचा, आम्लात धुवायचा. इथे पातळ हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, ते एकट्याने कधीही हाताळू नका, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल टेबलावर उघडून ठेवा आणि लॅबमध्ये दुसरं माणूस असल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. त्यानंतर मायक्रोस्कोपखाली तांदूळ निवडतात तसे कण निवडायचे. एक बारीक ओला ब्रश, काचेची ताटली, आणि साखरेच्या दाण्याहून लहान स्फटिक. काचेसारखा स्वच्छ असेल तो ठेवायचा, पोटात धूर असेल तो बाजूला. एका नमुन्याला दीडशे मिलिग्रॅम लागतात आणि मला त्यासाठी अकरा दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मान धरली. घरी आई म्हणाली, पदर खोचून बसलीस की तांदूळ निवडायला, उठ जरा, दर अर्ध्या तासाला चालून ये. तो सल्ला मी अजून पाळते.

अशी सोय असलेल्या लॅब देशात मोजक्याच आहेत, त्यामुळे नंबर लावावा लागतो, माझा तर मे २०२३ मध्येच लावला होता, रसायनाचे निकाल यायच्या आधी. जानेवारी २०२४ मध्ये अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेल्या तीन पुड्या, मधे वय माहीत असलेलं प्रमाण खनिज, असं पॅकेट भट्टीसाठी गेलं. भट्टीची वेळ ठरलेली असते आणि ती आपल्या हातात नसते. बाहेर आल्यावर किरणोत्सार कमी होईपर्यंत थांबायचं. पण फार थांबूनही चालत नाही, कारण फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम भरपूर, त्याच्यामुळे आर्गॉनच्या आकड्यात जी भेसळ होते ती वजा करायला आर्गॉन ३७ मोजावा लागतो, आणि तो ३५ दिवसांत निम्मा होतो. ते आठवडे मी कॅलेंडरवर फुल्या मारत काढले. त्या काळात प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहिलं, नुसती वाट बघत बसले असते तर आजारी पडले असते.

मे महिन्यात मोजणी झाली. नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला निघालेल्या वायूचं वय वेगळं काढतात. लागोपाठच्या टप्प्यांत तेच वय येत राहिलं आणि त्यात निम्म्याहून जास्त वायू आला तर त्याला प्लॅटो म्हणतात आणि ते वय धरता येतं. पहिल्या नमुन्याचा आलेख दोन्ही टोकांना चढलेला, मधे खोलगट, खोगिरासारखा. बाद. दुसऱ्यात वायूच पुरला नाही. तिसरा नमुना थर क्रमांक चौदाचा, पहिले दोन टप्पे वेडेवाकडे आले आणि मग तिसऱ्यापासून रेघ सपाट चालू लागली. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. ऑपरेटर काहीच बोलले नाहीत, फक्त खुर्ची माझ्याकडे सरकवली, बस म्हणून. सगळ्या दुरुस्त्या होऊन जूनमध्ये आकडा आला, सहा कोटी साठ लाखांच्या आसपास, अधिक-उणे आठ लाख वर्षं.

आता हे अधिक-उणे नीट बघा, कारण मला ते कळायला वेळ लागला. सह्याद्रीतल्या या लाव्हाचा मुख्य भाग दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला असं अलीकडच्या अचूक मोजण्या सांगतात. म्हणजे माझ्या आकड्याच्या त्रुटीच्या पोटात ती सगळी चवड बसते. चौदावा थर तेराव्याच्या नंतरचा आहे हे माझं यंत्र सांगूच शकत नाही. ते मला पायांनी कळलंय, तांबड्या थरावर बोट ठेवून. सुरुवातीला मी मोजणीला मुख्य काम समजत होते आणि घाटातल्या दिवसांना तयारी, ते माझ्या डोक्यात उलटं होतं. अगदी बारीक वय काढायचं तर त्या तांबड्या थरांतले झिर्कॉन या खनिजाचे कण शोधून युरेनियम-शिसं पद्धत, नाहीतर फेल्डस्पारच्या पुष्कळ नमुन्यांवर पुन्हा पुन्हा आर्गॉन, याला पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात या दोन पद्धतींचे दोन पेपर आले होते, याच डोंगरांवरचे, आणि डायनासोर संपले ती वेळ या चवडीत नेमकी कुठे येते यावर दोघांचं एकमत नव्हतं. एवढ्या मोठ्या टीम्सना जे अवघड जातं तिथे आपली त्रुटी प्रामाणिकपणे लिहिण्यात लाजण्यासारखं काही नाही. परीक्षकांनी मला त्यावरच सगळ्यात जास्त वेळ विचारलं आणि मी शांतपणे उत्तर देऊ शकले.

खर्च विचाराल तर माझ्या खिशातून फील्ड, प्रवास, सेक्शन आणि थोडं रसायन मिळून सत्तर हजारांच्या वर गेले, बाकी सरांच्या प्रकल्पातून झालं. फेलोशिप उशिरा जमा होते हे धरून दोन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा. प्रत्येक पावती त्याच दिवशी वहीला चिकटवा, थर्मल कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडतात.

डिसेंबर २०२४ ला परत घाटात गेले, थर चौदाचा एक चांगला फोटो हवा होता. ते वळण सापडलं, मोरी सापडली, पण दगड दिसेना, तिथे आता दरड थोपवायची नवी भिंत उभी आहे. रस्त्यासाठी ती हवीच होती. वहीतली उंची काढली, अल्टिमीटर लावलं आणि मोरीच्या ओढ्यापासून तीच उंची धरत आडवी निघाले, कारवीतून, एका हाताने फांद्या बाजूला करत. वीस-एक मिनिटांनी एक घट्ट काळा कातळ आला. खाली वाकून त्याच्या बुडाशी साचलेला पाचोळा सरकवला, आणि बोट तांबडं झालं.